जुहेरला न दिसलेल्या पिवळ्या रेघा

जुहेरचं म्हणणं असं, की आमच्या नाबूल गावातला उजेड अलीकडे फार गोड झालाय. सकाळी दुकान उघडताना तो कमानीखाली थांबायचा, समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, "बेया, बघितलंस? पूर्वी उन्हाला असा रंग नव्हता. हल्ली सकाळीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. सगळीकडे मध सांडलाय नुसता."

मी ताटल्या मांडत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "हो रे, फार सुंदर."

खोटं बोलायचे. भिंत पांढरीच होती आणि ऊनही नेहमीचंच, डोळ्यांत खुपणारं. जुहेरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि ही गोष्ट कमानीखालच्या अकराही दुकानांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या जुहेरला. त्याचा धंदा प्रिंटर दुरुस्तीचा, म्हणजे दिवसभर रंगच बघायचे. हे कधीतरी उघडं पडणार, तेव्हा त्याच्या हातातलं काम जाणार की डोळे वाचणार, आणि मुळात त्याला हे सांगणार कोण, हा घोर आम्हाला तीन वर्षं लागला होता.

माझं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मी मातीच्या ताटल्या आणि वाडगे रंगवते. माझी आईही तेच करायची. जुहेरचा बाप कल्हईवाला. आमच्याकडे वसंत आला की कडू नारिंगाची झाडं फुलतात आणि घरोघरी त्या फुलांचा अर्क काढतात. त्यासाठी लागणाऱ्या तांब्याच्या हंड्या आणि नळ्या त्याचा बाप झाळून द्यायचा, कल्हई करून द्यायचा. हंडीतून अर्काचा थेंब नीट पडतोय की नाही हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. जुहेरने ते ऐकून ऐकून उचललं. पुढे तो एका फोटो स्टुडिओत लागला. स्टुडिओ बंद पडल्यावर प्रिंटर दुरुस्त करायला लागला.

"फरक काय आहे?" तो म्हणायचा. "तिथेही नळी, इथेही नळी. तिथेही थेंब, इथेही थेंब. इथला थेंब डोळ्याला दिसत नाही, एवढंच."

त्याची दुरुस्ती बघण्यासारखी असायची. प्रिंटर समोर आला की तो आधी त्याला हातच लावायचा नाही. आधी कागद मागायचा. एकदा शाळेतले एक मास्तर तणतणत आले, "हा कागदच ओढत नाही! ओढला तर चार-चार पानं एकदम गिळतो!" जुहेरने त्यांच्या गठ्ठ्यातली वीसेक पानं घेतली, पंख्यासारखी पसरली, कानाशी धरून फडफडवली आणि डोळे मिटले. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

"मास्तर, हा गठ्ठा खिडकीत ठेवता ना? समुद्राकडच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मग यंत्राला कशाला शिव्या घालता? कागद ओल पितो तिथे. पानाला पान चिकटतं, मग दोघं-तिघं मिळून आत शिरतात. घरात एकटं जायला कुणाला आवडतं?"

मग तो पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं घ्यायचा आणि बोटाने रोलर हळूहळू फिरवत पुसायचा. फडक्यावर धुळीचा काळा पट्टा उमटायचा. धूळ बसून रोलर गुळगुळीत झाला की त्याला कागदाची पकड मिळत नाही, असं तो प्रत्येकाला नव्याने सांगायचा. ट्रेमधल्या कागदाच्या कडेची पट्टी लोक आवळून बसवतात, ती तो केसभर सैल करायचा. कागद अडकला असेल तर दोन्ही हातांनी धरून, ज्या दिशेने तो निघाला होता त्याच दिशेने ओढून काढायचा. कधी घाई नाही. कागद फाटला तर त्याचा चेहरा पडायचा.

छपाईत पांढरे पट्टे येत असतील तर तो शाई सोडणारं हेड दोनदा धुवायचा, फार तर तीनदा. त्यापुढे नाही. "आता याला बसू दे. पाच-सहा तास. आतली सुकलेली शाई आपोआप मऊ होते. सारखं धूत बसलं की शाई तेवढी वाया जाते." असं म्हणून स्वतःही स्टुलावर बसायचा. या बसण्यात तो जे बोलायचा ते ऐकायला मी हातातला कुंचला खाली ठेवायचे. एकदा म्हणाला, त्याला स्वप्न पडलं होतं, की त्याच्या दुकानातल्या एका यंत्रातून पांढरा कागद बाहेर येतोय आणि संपतच नाही. कमानीतून रस्त्यावर, तिथून गच्च्यांवर. सगळ्या गावावर कागद पसरला आणि बायकांनी त्यावर नारिंगाची फुलं पसरली, दरवर्षी चादरींवर पसरतात तशीच. "आणि सगळं कसं सोनेरी दिसत होतं, बेया. जाग आली तरी सोनेरीच होतं."

त्याला जाग आल्यावरही तसंच दिसत होतं, हे त्याचं दुर्दैव.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या ताटल्यांच्या नमुन्यांचं एक पान त्याच्याकडून छापून घेतलं होतं. गिऱ्हाइकांना पाठवायला. पान हातात आलं तर सगळं निळं! माझा पिवळा हिरवट, माझा पांढरा आकाशी. मी पान नाचवत त्याच्या दुकानात शिरले. त्याने ते उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "किती शांत रंग आलाय बघ. आधी फार पिवळं येत होतं. मीच निळा वाढवला." मी तोंड उघडणार इतक्यात दारात त्याची बायको हयात दिसली. तिने मला डोळ्यांनी खुणावलं आणि माझ्या दुकानात ओढत नेलं.

"चष्मेवाल्याने मला सांगितलंय," ती कुजबुजली. "मोतीबिंदू आहे. काढून घ्या म्हणाला. मी घरी नुसतं ऑपरेशन म्हटलं तर हा दोन दिवस जेवला नाही. मग मीच म्हटलं, चूक झाली, डोळे कोरडे पडलेत फक्त. नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंब घालत जा, बरं वाटेल. तू काही बोलू नकोस गं. तुला माहितीये ना त्याच्या बापाचं?"

माहिती होतं. म्हाताऱ्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या जुन्या काळात. पट्टी सुटल्यावर त्या डोळ्याला काही दिसलंच नाही. उरलेल्या डोळ्याला त्याने मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, आणि शेवटची आठ वर्षं जुहेर त्याला हाताला धरून मशिदीत नेत होता.

तर मी गप्प बसले. मग शिंपी गप्प बसला, मसालेवाला गप्प बसला, सगळी कमान गप्प बसली. लोक लग्नाचे फोटो छापून घ्यायचे, निळसर नवरा आणि निळसर नवरी, आणि "हात सलामत राहोत" म्हणून घरी न्यायचे. ज्यांना जमत होतं ते घरी बसून फोटोतला निळा आधीच कमी करून आणायचे, म्हणजे जुहेरने वाढवला की बरोबर होईल. आम्हाला वाटत होतं आम्ही फार मोठ्या मनाचे आहोत. मला तर स्वतःचं कौतुकही वाटायचं. भांडकुदळ म्हणून गावभर नाव असलेली मी, आणि बघा, तीन वर्षं एका शब्दाने बोलले नाही.

जुहेर मात्र हैराण होता. टेस्ट पेज काढलं की त्यावर चार रंगांच्या बारीक रेघांच्या चौकटी येतात, काळी, आकाशी, गुलाबी, पिवळी. त्याला पिवळी दिसायची नाही. म्हणजे पिवळ्या शाईची भोकं अडली, असं समजून तो हेड धुवायचा. पुन्हा टेस्ट पेज, पुन्हा पिवळी गायब. "हल्ली पिवळी शाईच नासकी येते," तो म्हणायचा. "गंमत बघ, पिवळा छापला जात नाही आणि पान बघावं तर सगळं पिवळं." आणि शेल्फवरची छोटी बाटली घेऊन, मान मागे टाकून, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा. दुकानात नारिंगाचा वास भरून राहायचा.

या वसंतात दलेंदाबाई परत आल्या. आम्ही त्यांना मानाने लेल्ला म्हणतो, त्या आमच्या शाळेतल्या बाई. निम्म्या कमानीने त्यांच्या हातची पट्टी खाल्लीय, मी आणि जुहेरने तर एकाच दिवशी खाल्लीय. चार वर्षं त्या लेकीकडे कॅनडात होत्या, त्यामुळे आमच्या गप्प बसण्याच्या कटात त्यांना कुणी घेतलं नव्हतं. चूक तिथेच झाली. अर्थात चूक म्हणायची की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

फुलांचे दिवस होते. गल्ल्यांमधून चालताना प्रत्येक दारातून वाफ आणि वास यायचा, माणसं अर्धवट झोपेत असल्यासारखी हळू चालायची, दुपारी गिऱ्हाईक आलं तरी उठावंसं वाटायचं नाही. अशा दुपारी बाई खजुरीच्या पानांच्या टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला प्रिंटर घेऊन आल्या. लेक फोनवर नातीचे फोटो पाठवते, ते बाई घरी छापून भिंतीला लावतात. मी चहा घेऊन जुहेरकडेच बसले होते.

"कागद ओढत नाही," बाई म्हणाल्या. "ओढला तर छापत नाही. छापला तर पट्टे येतात. बघ, पोरा."

जुहेरने झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. वास माझ्यापर्यंत आला.

"लेल्ला, यात काय ओतलंत?"

"ओतलं काय म्हणजे? माहितीपुस्तकात लिहिलंय तेच केलं. हेड सुकलं तर वाफेतून काढलेल्या शुद्ध पाण्याने पुसा. आता माझ्याहून शुद्ध पाणी या गावात कोण काढतं, सांग बरं? अगदी पहिल्या धारेचं घातलं. पाहुण्यांच्या कॉफीतसुद्धा मी ते घालत नाही."

जुहेरने रोलरवर बोट फिरवलं, बोट चोळून पाहिलं. "आणि इथे?"

"करकरत होता. दोन थेंब ऑलिव्हचं तेल."

"घाण्यावरचं?"

"मग काय दुकानातलं घालू?"

मला हसू आवरेना. जुहेरही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून रोलर तीनदा पुसला, कोरडा केला, आणि पुसता पुसता त्याचा सूर चढत गेला. तेलाने रोलर घसरतो, कागदाला धरणार कसा? आणि फुलांच्या पाण्यात फुलांचं तेल असतं, ते शाईत मिसळून चिकट होतं, धड वाहत नाही, धड सुकत नाही.

"वास चांगला आला म्हणून ते औषध होत नाही, लेल्ला! अडलंय ते आत. वरून सुगंधी पाणी फासून आतलं कधी मोकळं झालंय? ते उघडून काढायला लागतं. घाबरून चालत नाही."

एवढं बोलून त्याने सवयीने शेल्फवरची बाटली उचलली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला.

माझा चहा ओठाशीच राहिला.

"हे काय घातलंस?" बाईंनी विचारलं.

"डोळे कोरडे पडतात जरा."

"पाणी कसलं आहे ते?"

जुहेरने बाटली पुन्हा शेल्फवर ठेवली. वास तर सगळ्यांनाच येत होता.

"आत्ता मला काय सांगत होतास रे?" बाई पुढे झाल्या, त्याची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. साठीच्या माणसाची, पण त्यांना त्याचं काय. "बाहुली भुरी झालीय तुझी. मोतीबिंदू आहे हा, पोरा. मागच्या आठवड्यात माझा प्रिंटर अडला म्हणून तू नातीचा फोटो छापून दिलास, पोर थंडीने काकडल्यासारखी निळी! मला वाटलं तुझं यंत्र बिघडलंय. बिघडलंय ते हे."

जुहेरने हळूच हनुवटी सोडवून घेतली. हसला. "माझे डोळे ठणठणीत आहेत, लेल्ला. गावातले प्रिंटर बिघडलेत. एकाचाही पिवळा धड नाही. बेयाला विचारा."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या ग्लासात बघितलं. पुदिन्याची दोन पानं तरंगत होती. मी ती मोजली. माझ्यासारख्या बाईला त्या वेळी एक शब्द सुचू नये, याची मला अजून लाज वाटते.

"थांबा, दाखवतोच," जुहेर म्हणाला. दुकानात दुरुस्तीला आलेले तीन प्रिंटर होते आणि एक त्याचा स्वतःचा. चारही चालू केले. एकेक टेस्ट पेज बाहेर आलं. त्याने चारही टेबलावर ओळीने मांडली. "हे बघा, इथे पिवळा नाही. इथे नाही. इथेही नाही. आणि हा तर माझा, कालच धुतलाय, इथेही नाही."

बाईंनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "मग ही कसली रेघ? आणि ही? ही? ही?" त्यांचं बोट शाळेत फळ्यावर फिरायचं तसं चौकटभर फिरलं.

जुहेर वाकला. पान डोळ्यांपाशी नेलं. मग दुसरं. मग तिसरं. तो आम्हाला नेहमी सांगायचा, दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कागद बदला, मग शाई बदला, मग तार, मग यंत्र. सगळं बदलून झालं आणि दोष तसाच राहिला, तर जे बदललेलं नाही त्याच्याकडे बघा. आता तो तेच करत होता, ओठातल्या ओठात पुटपुटत. "यंत्रं चार. शाई चार ठिकाणची. कागद दोन गठ्ठ्यांतला. दोष एकच." मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बदललं नाही ते एकच," तो म्हणाला. "बेया. पिवळ्या रेघा आहेत?"

"आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"तीन वर्षं."

त्याने बाहेर बघितलं, समोरच्या भिंतीकडे. "आणि उजेड?"

मला वाटलं, आता एवढं तरी राहू द्यावं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या. "उजेड नेहमीसारखाच आहे, जुहेर," मी म्हटलं.

त्याने चारही प्रिंटर एकेक करून बंद केले. बाईंचा प्रिंटर टॉवेलने झाकला. भर दुपारी शटर ओढलं आणि भिंतीच्या कडेकडेने घरी गेला. मी आयुष्यात खूप जणांना टाकून बोलले आहे, पण माझ्या बोलण्याने कुणी इतकं म्हातारं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

पाच दिवस दुकान बंद. हयात येऊन मला वाट्टेल ते बोलली. मी ऐकून घेतलं. सहाव्या दिवशी सकाळी जुहेर माझ्या दुकानासमोर उभा. आत आला नाही.

"शेजारच्या शहरात जायचंय. डॉक्टरकडे," तो म्हणाला. "तू सोबत चल. हयात रडते. तू रडणार नाहीस."

"का, मी काय दगड आहे?"

"तू तीन वर्षं रडली नाहीस."

गेले. भाड्याच्या व्हॅनमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होता. वाटेत नारिंगाच्या बागा लागल्या. तो त्यांच्याकडे असा बघत होता, की मला दुसरीकडे बघावं लागलं. एकदाच बोलला. "बाबांची पट्टी सोडली तेव्हा मी समोर होतो. ते म्हणाले, दिवा लावा. दिवा लागलेलाच होता."

एका डोळ्याचं ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायला पुन्हा आम्ही दोघंच. डॉक्टरबाईंनी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं. जुहेरने बोटांकडे बघितलंच नाही.

"तुमचा कोट निळा आहे का हो?" त्याने विचारलं.

"पांढरा आहे."

"असा असतो पांढरा?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "असा असतो?"

मी रडले. दगड वगैरे काही नाही, चांगली हुंदके देऊन रडले, आणि डॉक्टरबाईंनी मला पाणी दिलं.

नंतरचे दोन-तीन दिवस तो गावात फिरत होता तो स्वप्नात चालल्यासारखा. दर दहा पावलांवर थांबायचा. एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. नव्या डोळ्यातून दारं निळी, जुन्यातून करडी. नव्यातून फुलांनी भरलेली चादर पांढरीशुभ्र, जुन्यातून लोण्यासारखी. पोरांनी आधी त्याची नक्कल केली, मग तीही खरंच एकेक डोळा झाकून बघायला लागली. समुद्रावर गेला तो तासभर परतला नाही. "मी समुद्र विसरलो होतो, बेया," म्हणाला. "रोज बघत होतो आणि विसरलो होतो."

चौथ्या दिवशी त्याने शटर उघडलं. दुकानाच्या भिंतीवर त्याने छापलेले फोटो नमुन्याला लावलेले होते. लग्नं, सुंता, परीक्षेत पास झालेल्या मुली. तो भिंतीसमोर उभा राहिला. मग एकेक फोटो काढून टेबलावर ठेवायला लागला. मी दारात होते.

"हे लोकांनी घरी नेले?"

"नेले."

"भिंतीवर लावले?"

"लावले असतील."

"आणि कुणी काही म्हणालं नाही."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. प्रेमापोटी, जुहेर."

"प्रेम!" तो म्हणाला. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "चहात साखर कमी पडली तर तू भांडतेस. रस्त्यावर पाणी सांडलं तर भांडतेस. प्रेम असतं तर भांडली असतीस. एका माणसाचे डोळे जातायत आणि अख्खी कमान त्याला म्हणते, हो रे, फार सुंदर. कीव केलीत माझी. मी काय बाबांसारखं शेवटची आठ वर्षं कुणी हाताला धरून न्यायची वाट बघत होतो?"

मी त्याला दुखवायचं टाळत होते असं मी स्वतःला सांगत आले, पण खरं म्हणजे ते माझ्या सोयीचं होतं. खरं सांगणाऱ्याला समोरच्याचा चेहरा बघावा लागतो, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

त्याने कागदावर लिहून दारावर लावलं, की गेल्या तीन वर्षांतले फोटो घेऊन या, पुन्हा छापून मिळतील. लोक आले. महिनाभर आले. आधी लाजत, मग हसत, मग एकमेकांचे निळे फोटो बघून पोट धरून हसत. जुहेर हसत नव्हता. तो एकेक फोटो नव्या डोळ्याने तपासून, हातात देताना विचारायचा, "नीट बघ. चेहरा बरोबर आहे? खरं सांग." आणि लोक घाबरून खरं सांगायचे. दलेंदाबाईंचं हेड त्याने काढून, खऱ्या शुद्ध पाण्यात दोन दिवस ठेवून, मोकळं केलं. नातीचे गाल गुलाबी आले. बाई म्हणाल्या, "आता कशी माणसांत आली," आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवूनच उठल्या.

माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. मीही मानी, मी चहाला बोलवलं नाही. शेवटी एका सकाळी तोच आला, ग्लास उचलून स्टुलावर बसला, आणि नेहमीसारखं काहीबाही बोलायला लागला. मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा साखर घातली. दुकानात दोन बायका वाडगे निवडत होत्या. जुहेरने सहज माझी नवी ताटली उचलली, अजून कपाटात न ठेवलेली. नवा डोळा झाकला, जुन्याने बघितलं. जुना झाकला, नव्याने बघितलं. मग उठून भिंतीवरची माझ्या आईची ताटली काढली, शेल्फवरून माझी दोन वर्षांपूर्वीची काढली आणि तिन्ही ओळीने मांडल्या.

"बेया, तू निळा इतका गडद कधीपासून करायला लागलीस?"

"गडद कुठे? आईचाच निळा आहे तो. डोळे मिटूनसुद्धा करेन मी."

"आईचा नाही. दोन वर्षांपूर्वीचा थोडा गडद आहे. हा तर पार काळपट आहे. आणि पिवळा बघ, किती थापलायस." त्याने ताटली खाली ठेवली. "डोळे दाखवून घे. त्याच डॉक्टरबाईंकडे. मी येतो सोबत."

गिऱ्हाइकांसमोर! एक मिनिटसुद्धा थांबला नाही! माझं डोकंच फिरलं. "सी जुहेर," मी म्हटलं, आणि मी त्याला असं मानाचं 'सी' लावलं की सगळी कमान बाजूला होते, "एक डोळा मिळाला तर गावाला दृष्टी वाटत सुटलात काय? चाळीस वर्षं रंगवतेय मी!" त्याने शांतपणे चहा संपवला, ग्लास धुऊन ठेवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी आठला निघू." आणि गेला.

बायकाही वाडगे न घेताच गेल्या. मी तिन्ही ताटल्या उचलल्या आणि कमानीबाहेर, रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात नेऊन धरल्या. एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. तिन्हींचा निळा मला अगदी एकसारखा दिसत होता.